भिंतीवरची डावी बाजू

मला लॅटिन येतं असं म्हटलं की लोक हसतात. हसोत बापडे. येतं म्हणजे काय, पाच-पन्नास शब्द येतात, आणि तेवढेच स्पॅनिश. पण त्यातला कुठला शब्द कुठून निघाला आणि वाटेत त्याचं काय काय झालं, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगीन. कुठल्या कॉलेजात नाही शिकले. खांडबाऱ्याच्या मिशनच्या दवाखान्यात, ओसरीवर बसून, तुरीच्या शेंगा सोलता सोलता शिकले. भाचा म्हणतो, आत्या, तू थापा मारतेस. मार म्हटलं तर थापाही मारीन, पण ही थाप नाही.

माझं माहेर तापीकाठचं. घरी बोलणं अहिराणी. व्हर्नाक्युलर फायनल पास झाले आणि वडलांनी लग्न लावून दिलं, दोंडाईच्याकडे. नवऱ्याचा हात चालायचा. कारण लागत नसे. भाकरी जाड झाली तरी चालायचा आणि पातळ झाली तरी. दीड वर्षानं मी माहेरी निघून आले. का आले, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. "पटत नाही" एवढंच म्हटलं, तेही खाली मान घालून. पटत नाही हे काय कारण झालं? वडील तोवर गेले होते, घर भावाच्या हातात होतं. त्यानं माझ्यापुढे सरळ हिशेब मांडला. मास्तरकी मिळव. नोकरी कायम झाली तर खुशाल एकटी राहा, मी कुणाचं ऐकून घेणार नाही. नाही झाली, तर मी स्वतः नेऊन तुला सासरी घालणार. भाऊ वाईट नव्हता. त्याला माहीतच नव्हतं तो मला कुठं घालायला निघालाय ते.

ट्रेनिंगला गेले तर पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, गाव कुठं? मी म्हटलं, "प्रकाशाजवळ शे." झालं! नाशिक-पुण्याकडच्या पोरी अशा हसल्या की एकीला ठसका लागला. प्रकाशा हे आमच्या तापीवरचं गाव, आणि 'शे' म्हणजे अहिराणीत 'आहे'. वर्षभर माझं नाव 'शेबाई'. मी कानाला खडा लावला. रात्रंदिवस पाठ करून करून सहा महिन्यांत असं बोलायला लागले, की एका नव्या मुलीनं मला विचारलं, पुण्यात तुम्ही कुठल्या पेठेत राहता? त्या दिवशी मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. आज त्या मूर्ख पोरीची, म्हणजे माझी, मला कीव येते.

साठ सालानंतर लगेचच माझी नेमणूक झाली. खांडबाऱ्यापासून तासाभराच्या चालीवर एक गाव, एकखोली शाळा, पहिली ते चौथी सगळे एकत्र. अर्धी पोरं घरी अहिराणी बोलणारी, अर्धी कोकणी. ही कोकणी म्हणजे गोव्याकडची नव्हे हं, आमच्या डोंगरकडेच्या आदिवासींची बोली. शुद्ध मराठी बोलणारी त्या गावात मी एकटी. वासरात लंगडी गाय शहाणी! शाळेत गेल्या गेल्या मी काय केलं असेल, तर समोरच्या भिंतीवर गेरूनं दोन रकाने आखले. डावीकडे मथळा, 'असे बोलू नये'. उजवीकडे, 'असे बोलावे'. डावीकडे आंडेर, आंडोर, डोया, शाया, आठे, तठे. उजवीकडे मुलगी, मुलगा, डोळा, शाळा, इथे, तिथे. डावीकडचा शब्द तोंडातून निघाला की पाच उठाबशा. कोकणी पोरांच्या शब्दांना तर मी रकानासुद्धा दिला नव्हता. ती काहीही बोलली तरी उठाबशाच.

वर्ग असा शांत झाला की विचारू नका. शाळा तपासायला येणारे साहेब, त्यांना आम्ही दिपोटी म्हणायचो, ते पहिल्या वर्षी आले आणि खूश होऊन गेले. शेऱ्यांच्या वहीत लिहिलं, शिस्त उत्तम. मी फुगले. तिसरीत एक कोकणी पोर होती, ती वर्षभरात माझ्यापुढे एक अक्षर बोलली नव्हती. मला वाटायचं मंद आहे. मग एकदा विहिरीवर पाणी भरताना तिला ऐकलं. अहाहा, काय तोंड चालू होतं! चार बायकांना हसवत होती. मला पाहिलं आणि एकदम गप्प झाली. मी घागर उचलून घरी आले आणि त्याबद्दल विचार करायचा नाही असं ठरवलं.

फादर भेटले खांडबाऱ्याच्या बाजारात. स्पेनचे. तिकडच्या कुठल्याशा डोंगरातल्या मेंढपाळाचा मुलगा. इकडे यायच्या आधी पाद्री होऊ घातलेल्या पोरांना लॅटिन शिकवायचे. मराठी पुस्तकातून शिकलेले, आणि पुस्तकही कुठलं मिळालं होतं देव जाणे. कोंबडीवालीपुढे उभे राहून म्हणत होते, "भगिनी, या कुक्कुटीचे मूल्य काय?" ती बिचारी कोंबडी पदराखाली लपवायला लागली. मी हसून लोटपोट. सौदा मीच करून दिला. तर तिथल्या तिथे त्यांनी हात जोडले, बाई, मला मराठी शिकवा.

दर रविवारी दुपारी जायला लागले. टाकलेली बाई पाद्र्याकडे जाते, आता बाटणार, अशी गावात कुजबुज झाली. मी म्हटलं, बोंबला. दवाखान्याच्या ओसरीवर दोन नर्सबाया शेंगा सोलत बसलेल्या असायच्या, मीही सोलायची आणि फादरांना दामटायची. मी मानानं बोलायला इतकं कडक शिकवलं की ते म्हशीलाही "अहो, सरका जरा" म्हणायचे.

त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, चिठ्ठ्यांनी भरलेला. प्रत्येक चिठ्ठीवर एक स्पॅनिश शब्द, रोजच्या वापरातला, आणि त्याखाली तो ज्या लॅटिन शब्दातून आला तो शब्द. जुन्या मास्तराची खोड. आता त्याखाली ते मराठी शब्द लिहून घ्यायचे. चिठ्ठी काढायची, मी मराठी सांगायचं, ते वर काय लिहिलंय ते मला सांगायचे. असा आमचा तास.

एकदा चिठ्ठी निघाली घराची. मी म्हटलं, घर. ते म्हणाले, आमचं 'कासा'. लॅटिनमध्येही 'कासा'च. मी म्हटलं, मग त्यात काय सांगण्यासारखं? तर म्हणाले, "बाई, लॅटिनमध्ये कासा म्हणजे खोपट. कुडाचं. चांगल्या घराला ते लोक 'दोमुस' म्हणत. पण दोमुस किती जणांकडे असणार?" खोपटात राहणारे जास्त, त्यांचाच शब्द उरला. आता स्पेनमधला शेठही आपल्या माडीला खोपटच म्हणतो, आणि त्याला त्याचा पत्ता नाही.

मला मजा वाटायला लागली. मी डबा पुढ्यात ओढला. घोडा काढा. घोडा 'काबायो'. लॅटिनमध्ये ऐटबाज घोड्याला 'एक्वुस', आणि 'काबाल्लुस' म्हणजे ओझ्याचं टट्टू. जिंकलं टट्टू. विस्तव काढा. विस्तव 'फुएगो', आणि तो निघाला 'फोकुस'मधून. फोकुस म्हणजे चूल. पोथीतला विस्तवाचा शब्द वेगळाच होता, तो पोथीत राहिला. चुलीपुढे बसणाऱ्यांनी चुलीचंच नाव विस्तवाला दिलं. कान काढला तर 'ओरेखा'. लॅटिनमध्ये कान 'आउरिस', पण लोक लाडानं 'आउरिकुला' म्हणायचे, इवलासा कान. आणि काम? 'त्राबाखो'. त्याचं मूळ म्हणे 'त्रिपालियुम', तीन खुंट, ज्यांना माणसाला बांधून त्याचे हाल करत. मी म्हटलं, फादर, हा शब्द माझ्या सासरच्यांनी काढला असणार. त्यांना विनोद कळला नाही, पण नर्सबाई हसली.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न टाकला, मास्तरीण ना मी! म्हटलं, म्हणजे तुमची भाषा ही बिघडलेली लॅटिनच झाली. कुणी बिघडवली?

"शिपायांनी, गाडीवाल्यांनी, बायकांनी, पोरांनी," ते म्हणाले. "मास्तरांनी फार अडवलं. एका जुन्या मास्तरानं तर मोठी यादी केली होती. असं म्हणू नका, असं म्हणा. ओळीनं. आणि गंमत सांगू बाई? त्यानं जे म्हणू नका म्हटलं, त्यातले कितीतरी शब्द आज माझी आई बोलते. तो कानाचा शब्दसुद्धा त्याच्या यादीत होता, चुकीच्या बाजूला."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. ती यादी मी न पाहता सांगू शकले असते, कशी दिसत असेल ती. गेरूनं लिहिलेली. मी विचारलं, त्या मास्तराचं नाव काय? फादर म्हणाले, कुणाला माहीत नाही. मला आधी हसू आलं आणि मग इतका राग आला, की मी त्यांच्यावरच घसरले. म्हटलं, "तुमचं ठीक आहे हो. तुमच्या बिघडलेल्या भाषेला राजे मिळाले, गलबतं मिळाली, सगळ्या जगभर ती बोलून आलात. आमच्या 'शे'ला कोण आहे? माझ्या आईला कचेरीत गेलं तर तोंड उघडायची लाज वाटते!" फादर म्हणाले, "खरं आहे." आणि डबा बंद केला.

जाताना त्यांनी एक चिठ्ठी दिली. 'आब्लार', म्हणजे बोलणं. मूळ 'फाबुलारी', म्हणजे गोष्टी सांगणं. मी ती वाटेत दोनदा वाचली. माझ्या वर्गात कुणी गोष्ट सांगितल्याचं मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी मी ओला फडका घेतला आणि दोन्ही मथळे पुसले. शब्द ठेवले. डावीकडे लिहिलं, 'घरी'. उजवीकडे, 'शाळेत'. उठाबशा बंद. पोरं आठ दिवस माझ्याकडे संशयानं बघत होती, बाईंना काहीतरी झालंय म्हणून. मग हळूहळू सुटली. एवढा गलका की शेजारचा पिठाच्या चक्कीवाला विचारायला आला, शाळा सुटली काय? आणि एके दिवशी ती तिसरीतली, आता चौथीत गेलेली पोर उभी राहिली. सगळ्यांसमोर, शुद्ध मराठीत मला विचारते, "बाई, आमचं घर नाही का?"

मला क्षणभर कळेचना. मग कळलं. 'घरी' म्हणून मी लिहिलं ते सगळं माझ्या घरचं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसरा रकाना आखला. मला कोकणी कुठली येते? पोरं सांगत गेली, मी लिहीत गेले, चुकलं की ती पोर पुढे येऊन पुसायची. त्या तीन महिन्यांत पोरं जेवढी मराठी शिकली, तेवढी दोन वर्षांत शिकली नव्हती. हे मी शपथेवर सांगते.

आणि मग दिपोटी आले. माझ्या प्रोबेशनची शेवटची तपासणी. त्यांच्या शिफारशीवर माझं कायम होणं. त्यांनी मुलांना वाचायला लावलं, पाढे म्हणवून घेतले, सगळं ठाकठीक. मग चष्मा पुसून भिंतीकडे पाहिलं.

"बाई, हे काय? गेल्या वेळी इथे 'बोलू नये' असं होतं."

"होतं साहेब. मी पुसलं."

"आणि हा तिसरा रकाना कुठला? हा कुणी तपासला?"

"मुलांनी."

ते खुर्चीत मागे टेकले. मी सांगायला गेले. लॅटिनचं सांगितलं, खोपटाचं सांगितलं, टट्टूचं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण! त्यांनी ऐकून घेतलं, माणूस सभ्य होता. म्हणाले, "बाई, हा स्पेन नाही, नवापूर तालुका आहे. सरकारी शाळेच्या भिंतीवर गावठी शब्द मला चालणार नाहीत. मी पाटलांकडे चहाला जातो. चार वाजेपर्यंत भिंत पोतारून घ्या. मी काही पाहिलं नाही असं समजेन आणि शिफारस लिहून जाईन."

बघा, किती सोपं होतं. बादलीभर पांढरी माती आणि एक फडकं. ते गेले आणि मी दाराशी उभी राहिले. खोटं कशाला बोलू, डोळ्यांपुढे सासरची ओसरी दिसत होती. भाकरीसाठी परात पुढ्यात घेतली की मागून पावलं वाजतात का म्हणून कान कसे ताठ व्हायचे, ते आठवलं. एका भिंतीसाठी परत तिथे? शब्द काय, उद्या पुन्हा लिहिता येतील. साहेब गेले की लिहीन. असं मी स्वतःला समजावलं, पोरांना माती कालवायला सांगितलं, पदर खोचला आणि फडकं भिजवलं.

पोरं एकदम गप्प झाली. पहिल्या वर्षी व्हायची तशी. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते, पण मला ते ऐकू आलं. आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, नाही! मेलं नाही पुसत! मी फडकं बुडवलं आणि पोतारायला लागले, खालपासून वरपर्यंत, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. यादी सोडून. सगळी पोरं हात बुडवून धावली. कित्येक वर्षांची काजळी होती त्या भिंतीवर, ती सगळी गेली. चार वाजता दिपोटी आले तेव्हा पांढऱ्याशुभ्र भिंतीवर मधोमध तीन रकाने असे उठून दिसत होते की दारातून वाचता यावेत.

मी म्हटलं, "पोतारली साहेब, तुम्ही सांगितलंत तशी."

ते लाल झाले. शेऱ्यांची वही ओढली आणि लिहिलं, की सूचना देऊनही बाईंनी गावठी शब्द काढले नाहीत, शुद्ध भाषेचा आग्रह नाही, कायम करण्याची शिफारस करता येत नाही. वही माझ्यापुढे सरकवली. शेऱ्याखाली शिक्षकानं 'वाचले, मान्य' असं लिहून सही करायची पद्धत असते. मी पेन घेतलं आणि लिहिलं, 'वाची लिधं. माले मान्य नही.' आणि सही ठोकली. माझ्या आईची बोली मी सरकारी कागदावर पहिल्यांदा लिहिली ती अशी. दिपोटींनी ते दोनदा वाचलं. मग वही मिटून निघून गेले.

महिन्याभरानं हुकूम आला. कायम नाही. प्रोबेशन एक वर्ष वाढवलं, आणि बदली अक्राणीत, धडगावच्याही वर. तिकडे कुणी जायला तयार नसायचं, जाणारे आधी राजीनामा लिहून ठेवायचे. भावाला मी पत्र टाकलं, लपवून काय करणार? तो तिसऱ्या दिवशी हजर. माझी पेटी त्यानं उचलली, फादरांचा निरोपसुद्धा मला धड घेऊ दिला नाही. खांडबाऱ्याहून नंदुरबारपर्यंत आम्ही रेल्वेनं आलो, समोरासमोर बसून.

नंदुरबारच्या एस.टी. स्टँडवर दोन गाड्या लागल्या होत्या. एक शहाद्याची, तिथून पुढे घाट चढून अक्राणी. दुसरी दोंडाईच्याची. भाऊ पेटी घेऊन दोंडाईच्याच्या गाडीकडे चालायला लागला.

"कोठे?" मी विचारलं.

"ठरेल काय व्हतं?" तो म्हणाला. काय ठरलं होतं? "कायम झाली नही ना? मंग चाल. पटत नही, पटत नही. जगमा कोणले पटस?"

कोणाला पटतं जगात? बरोबरच होतं त्याचं. मी त्याला तोच एक गुळगुळीत शब्द दिला होता, पाहुण्यापुढे बोलावा तसा, आणि सहा वर्षं त्याआड बसले होते. स्टँडवर माणसं होती, हमाल होते, शेंगदाणेवाला होता. मी खाली मान घातली नाही.

"भाऊ, तो माले मारस," मी म्हटलं. मोठ्यानं. "फुकनीघाई मारस. चुलीवर ढकली दिधं व्हतं मी माले त्यानी." फुंकणीनं मारायचा, चुलीवर ढकललं होतं. तोल जाऊन वाक्य मोडलं, ते सावरत बसले नाही. बाही वर केली आणि कोपराजवळचा डाग त्याच्या डोळ्यांपुढे धरला.

भाऊ बघत राहिला. शेंगदाणेवाला बघत राहिला. मग भाऊ म्हणाला,

"तू माले सांगं का नही?"

"आते सांगी ऱ्हायनी ना."

दोंडाईच्याच्या गाडीची घंटी वाजली. मी त्याच्या हातातली पेटी घेतली. त्यानं ती धरून ठेवली नाही. मी शहाद्याच्या गाडीत चढले, खिडकीपाशी जागा धरली, आणि कंडक्टरला म्हटलं, एक शहादा.